फोंड्यात गाडीचा बीसीएम बदलून घेतला: अनुभव, खर्च आणि साडेचार स्टार

साडेचार स्टार देतोय. अर्धा का कापला ते खाली येईलच. गोव्यात फोंड्याहून खांडेपारकडे जाताना कुर्टीच्या पट्ट्यात गॅरेजांची रांग लागते ना, त्यातल्या एका ऑटो इलेक्ट्रिकच्या वर्कशॉपमध्ये मी गाडीचा बॉडी कंट्रोल मॉड्यूल म्हणजे बीसीएम बदलून घेतला, त्याबद्दल हे आहे. वर्कशॉपचं नाव टाकत नाही कारण मालकच म्हणाले टाकू नको, आधीच चवथीच्या आधी पाहिजे म्हणून गाड्या उभ्या आहेत. आणि गाडी कुठल्या कंपनीची तेपण सांगत नाही, सांगितलं की अर्धे लोक "म्हणूनच मी ती घेतली नाही" एवढंच बोलतात आणि मुद्दा राहतो बाजूला. हा त्रास कुठल्या एका कंपनीचा नाहीच, आपल्याकडच्या पावसात झाडाखाली उघड्यावर उभी राहणारी कुठलीही गाडी घ्या, आज ना उद्या तिच्यात पाणी कुठून तरी वाट काढतंच.

आधी थोडं बीसीएमबद्दल, कारण मलापण जूनपर्यंत हा शब्द माहीत नव्हता. इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर वेगळा असतो, त्याला ईसीएम किंवा ईसीयू म्हणतात. बीसीएम म्हणजे गाडीचं घरकाम बघणारा डबा. सेंट्रल लॉक, काचा, वायपर, इंडिकेटर, हॉर्न, हेडलाइट, आतला दिवा, डिकी, रिमोट, सगळं त्याच्याकडे, आणि बऱ्याच गाड्यांत चावी ओळखून इंजिन चालू होऊ द्यायचं की नाही ते ठरवणारा इमोबिलायझरपण त्यातच असतो. जुन्या गाड्यांत वायपरचा स्विच ओढला की करंट थेट नाहीतर फार तर एका रिलेमधून (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) मोटरला जायचा, कुठे तुटलं ते टेस्ट लॅम्प घेऊन वायर धरत धरत गेलं की सापडायचं. आता स्विच फक्त कळवतो की मला ओढलंय, आणि वायपर फिरवायचा की नाही, किती वेगानं, ते बीसीएम ठरवतो. गाडीतले असे सगळे डबे कॅन बसवर एकमेकांशी बोलतात, म्हणजे एकमेकींत पिळलेल्या दोन वायरी, बॉशने ही पद्धत १९८६ मध्ये पहिल्यांदा मांडली आणि आज जवळपास प्रत्येक गाडीत तीच आहे. त्यामुळे हा एक डबा बिघडला की लक्षणं इतक्या ठिकाणी दिसतात की माणसाला वाटतं अख्खी गाडीच गेली.

आमच्या गाडीची लक्षणं सांगतो. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून गेला आणि दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन असताना वायपर आपोआप एकदा फिरून परत जागेवर. हसलो. मग रात्री अंगणात सेंट्रल लॉक खट् खट् करायला लागलं, लॉक अनलॉक लॉक अनलॉक, शेजारचा कुत्रा त्याला उत्तर देणार, मग गल्लीतले बाकीचे कुत्रे. मग हेडलाइट मध्येच किंचित मंद व्हायचे, ब्लोअर लावला की जास्तच. डाव्या मागच्या काचेनं खाली जाऊन वर यायचं नाकारलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गाडी दोनेक दिवस उभी राहिली की सकाळी बॅटरी डाऊन. सासूबाईंनी मीठ-मोहरी-मिरच्या घेऊन गाडीची दृष्ट काढली आणि त्या सकाळी गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली, त्यामुळे हा विषय आमच्या घरात अजून मिटलेला नाही. पण बाणस्तारीच्या पुलावर धो धो पावसात वायपर अर्ध्या काचेवर थांबले तेव्हा मात्र हसू गेलं. मागून डंपर, पुढे काही दिसत नाही. हे दुखणं अंगावर काढायचं नाही हे तेव्हाच ठरलं.

बॅटरीवाल्याकडे आधी दाखवली होती, त्यानं लोड टाकून तपासली आणि प्रामाणिकपणे सांगितलं की बॅटरी ठणठणीत आहे, नवीन विकून मी पैसे घेईन पण तीपण अशीच उतरेल, कोणीतरी रात्री करंट खातंय. अशी माणसं अजून आहेत.

मग कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर. नाव घेत नाही. गाडीची वॉरंटी संपलेली, मी ती सेकंडहँड घेतलेली, त्यामुळे सगळं खिशातून जाणार हे माहीत होतंच. तिथे स्कॅनर लावला, यू ०१४० असा कोड आला, सर्व्हिस ॲडव्हायझरनं कागद माझ्याकडे फिरवला आणि म्हणाला सर बीसीएम गेलाय, बदलावा लागेल, आणि डॅशबोर्डचं वायरिंगपण बदललेलं बरं, आकडा चाळीस हजारांच्या वर. मी विचारलं की गेला तर का गेला, तर उत्तर आलं की सर इलेक्ट्रॉनिक आयटम आहे, जातो. गाडी उचलून कोणी बघितली नाही, डॅशखाली कोणी वाकलं नाही. आता न्यायानं बोलायचं तर बीसीएम खरंच गेलेला होता, म्हणजे त्यांचं निदान चूक नव्हतं, अर्धं होतं. पण चाळीस हजारांत अर्धं निदान मला महाग वाटलं.

तो यू ०१४० कोड नेमकं काय सांगतो ते मला नंतर कुर्टीला कळलं. स्कॅनरच्या कोडात पहिलं अक्षर महत्त्वाचं, पी म्हणजे इंजिन-गिअरकडचं, सी म्हणजे ब्रेक-स्टीअरिंग वगैरे चॅसिसकडचं, बी म्हणजे बॉडीचं आणि यू म्हणजे डब्यांच्या आपसातल्या बोलण्याचं. यू ०१४० म्हणजे बाकीचे डबे म्हणतायत की बीसीएमचा आवाज येत नाही. बस एवढंच. आवाज का येत नाही ते कोड सांगतच नाही. तो मेला असेल, त्याला करंट पोचत नसेल, त्याची अर्थ वायर, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी, गंजली असेल, मधली वायर तुटली असेल, कोड तोच येणार. आणि कोड वाचून थेट पार्ट लिहून देणारे जे आहेत त्यांच्याकडे तुमच्या पैशानं अंदाज बांधला जातो.

कुर्टीच्या वर्कशॉपचा पत्ता माझ्या ऑफिसातल्या एका टॅक्सीवाल्या मित्राच्या भावानं दिला. मालक साठीच्या आसपासचे, सगळे त्यांना बाब म्हणतात, मीपण म्हटलं. ते सगळ्यांना अरे-तुरे करतात, पोलिसाच्या गाडीवाल्यालापण, त्यात अपमान काही नाही, बोलण्याची पद्धतच ती. सोबत दोन पोरं, एक लॅपटॉप-स्कॅनर बघणारा आणि एक जो दिवसभर कुठल्या ना कुठल्या डॅशबोर्डखाली उताणा पडलेला असतो. गेल्या गेल्या बाबनी स्कॅनर लावलाच नाही. आधी विचारलं, पावसात होतं की उन्हात? गाडी कुठे उभी असते? कार्पेटला वास येतो का? आधीच्या मालकानं काय काय लावून घेतलंय? हे चार प्रश्न सर्व्हिस सेंटरमध्ये कोणी विचारले असते तर मी कुर्टीला आलोच नसतो.

पहिलं काम बॅटरीचं. रात्री किती करंट जातो ते मोजायचं म्हणजे गाडी खरंच झोपू द्यावी लागते. दारं लॉक, बॉनेटचं कुलूप हातानं बंद केल्यासारखं फसवायचं, चावी लांब ऑफिसात नेऊन ठेवायची कारण बिनचावीच्या बटनाच्या गाड्यांना चावी जवळ असली की जाग येते, आणि मग थांबायचं. काही गाड्या पाच-दहा मिनिटांत झोपतात, काहींना अर्धा तास लागतो. झोपलेल्या गाडीनं साधारण ५० मिलीअँपिअरच्या आत राहायला हवं. आमची अर्ध्या अँपिअरच्या वर होती आणि खाली यायचं नाव नाही. हिशोब बघा, ४५ अँपिअर-तासाची बॅटरी अर्धा अँपिअर सतत गेला तर ९० तासांत पूर्ण रिकामी, आणि स्टार्टर फिरवण्याइतका जोर तर त्याच्या कितीतरी आधीच संपतो.

मग करंट कोण खातो ते शोधायचं. मला वाटलं आता एकेक फ्यूज उपटणार, सगळीकडे तसंच करतात. तर नाही. बाब म्हणाले फ्यूज उपटून परत घातला की डबे जागे होतात आणि मोजलेलं सगळं वाया. फ्यूजच्या पाठीवर दोन बारीक उघडे ठिपके असतात, त्यावर मीटरच्या सुया टेकवून मिलीव्होल्ट मोजत गेले, ज्या फ्यूजवर आकडा दिसला त्यातून करंट चाललाय. सापडला तो बीसीएमचाच. इथपर्यंत गाडीचा एक स्क्रूसुद्धा उघडलेला नव्हता आणि मी मनात तीन स्टार देऊन टाकले होते.

नंतर स्कॅनर लावला, तोच कोड, सोबत बी चे दोन-तीन. बॅटरी काढून ओबीडीच्या, म्हणजे स्कॅनर जिथे लावतात त्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजले, ६० आले. का ६०, तर कॅनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, दोन्ही जागेवर असले की मीटरवर ६० दिसतो, एक बाजू तुटली असेल तर १२०. म्हणजे मुख्य वायरी धडधाकट. सेंटरनं जे वायरिंग बदलायचं लिहिलं होतं ते इथेच बाद झालं. ही तपासणी करायला मीटर काही शे रुपयांचा लागतो आणि वेळ फार तर पाच मिनिटं, तरी न करताच हजारोंचं वायरिंग कोटेशनमध्ये कसं येतं हे त्यांनाच विचारा.

मग अर्थ वायर. ड्रायव्हरच्या पायाजवळ उजवीकडे प्लॅस्टिकचं झाकण काढलं की आत बॉडीला बोल्ट मारलेला असतो, तिथे चार-पाच काळ्या वायरी एकत्र येतात. बोल्ट लालभडक गंजलेला. हेडलाइट, ब्लोअर, मागची काच गरम करणारं बटन सगळं चालू करून बीसीएमच्या अर्थ पिनेपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत व्होल्ट मोजला, तो ०.१ च्या आत हवा, आमचा अर्ध्या व्होल्टच्याही वर. बोल्ट काढून घासला, वायरींची टोकं घासली, परत आवळलं, वर ग्रीस. हेडलाइट मंद होणं तिथल्या तिथे बंद! मी खूश होऊन म्हटलं, "बाब, झालं मग?" तर मान हलवली. लॉकची खटखट आणि बॅटरी उतरणं हे वेगळं दुखणं आहे म्हणाले, आणि पोराला सांगितलं डबा खाली घे.

डबा खाली आला, कनेक्टर निघाला आणि मग कोणाला काही सांगायची गरज उरली नाही. पिनांवर हिरवं. तांबं गंजल्यावर जे हिरवट येतं ते, आणि दोन पिना तर बोटानं चोळल्यावर हातातच आल्या. बोर्ड उघडला, एका कोपऱ्यात पाण्याचा वाळलेला डाग, त्याच्या शेजारी लॉकच्या मोटरला करंट सोडणारी चिप काळवंडलेली. मी लगेच विचारलं नवा किती दिवसांत येईल. बाबनी माझ्याकडे बघितलं आणि कोकणीत म्हणाले, "उदक बंद करिनासतना नवो घाल्यार तोय वतलो." पाणी न थांबवता नवा घातला तर तोही जाणार. मला वाटतं ह्या एका वाक्याचे पैसे मी दिले, बाकी सगळं फुकट मिळालं.

पाणी शोधणं हा सगळ्यात लांबलेला भाग आणि मी तो उभा राहून बघितला. पुढच्या काचेच्या खाली, बॉनेटच्या मागे जी काळी जाळी असते ती काढली. आत आंब्याची पानं, फणसाची पानं, काजूच्या मोहराचा चुरा आणि लाल माती, सगळ्याचा लगदा. काचेवरून येणारं पाणी त्या खोबणीतून दोन्ही बाजूच्या भोकांतून खाली जायला हवं, भोकं बंद, म्हणजे प्रत्येक पावसात तिथे तळं. ते साफ केलं. दुसरा कोणी असता तर इथेच थांबला असता. बाबनी मात्र एका पोराला टॉर्च घेऊन डॅशखाली घातलं आणि दुसऱ्यानं काचेच्या मुळाशी पाइपनं हळू पाणी सोडलं, आधी डावीकडे, मग मधे, मग उजवीकडे. जोरात सोडायचं नाही, पाऊस पडतो तसं. उजवीकडे आल्यावर आतून पोरगं ओरडलं, "आयलें, आयलें!"

झालं होतं असं की आधीच्या मालकानं जादा फॉग लॅम्प आणि मोठा हॉर्न लावून घेतला होता. लावणाऱ्यानं वायर आत न्यायला नवीन भोक पाडायचे कष्ट घेतले नाहीत, इंजिनच्या बाजूचं मुख्य वायरिंग ज्या रबरातून आत येतं तेच ब्लेडनं चिरलं आणि त्यातून वायर कोंबली. खोबणीत तळं साचलं की पाणी त्या चिरेतून आत आणि वायरीच्या अंगाखांद्यावरून सरळ बीसीएमच्या कनेक्टरमध्ये. वर ती फॉग लॅम्पची वायर बीसीएमच्याच एका वायरीला सोलून गुंडाळलेली, रिले नाही, फ्यूज नाही, टेप मात्र भरपूर. ज्या आउटपुटवर कंपनीनं ठरलेल्या वॉटचा बल्ब धरलाय त्यावर तुम्ही दुप्पट भार टाकलात तर आतली चिप तापणारच. म्हापशापासून मडगावपर्यंत ॲक्सेसरी लावून देणारी दुकानं आहेत आणि सगळीच अशी काम करत नाहीत, पण लावताना तिथे उभं राहून वायर कुठून आत गेली, रिले कुठे बसवला, एवढं तरी बघत जा, आणि सेकंडहँड घेताना तर डॅशखाली टॉर्च मारल्याशिवाय टोकन देऊ नका.

आता नवा की जुना की रिपेअर. तिन्ही पर्याय बाबनी समोर मांडले आणि मला घाई केली नाही. रिपेअर स्वस्त, चिप बदलता येते, रिलेपण बदलता येतात, नुसता बोर्डावरचा रिले चिकटला असता तर त्यांनी तेच केलं असतं. पण आमच्या बोर्डाच्या आतल्या थरांपर्यंत गंज गेलेला, आज चालेल आणि श्रावणात परत थांबेल, गॅरंटी देत नाही म्हणाले. सेकंडहँड डबा कोल्हापूर-बेळगावकडून आणून देतो म्हणणारे मलाच दोघे भेटले होते. त्यात गोम अशी की जुन्या डब्यात जुन्या गाडीचा चेसिस नंबर आणि जुन्या चाव्या असतात, तो तसाच लावला तर गाडी आपल्या चावीला ओळखत नाही. मग आपल्या डब्याच्या मेमरीतला डेटा उचलून त्यात उतरवावा लागतो, त्याला क्लोनिंग म्हणतात, जमणाऱ्याला जमतं. शिवाय काही गाड्यांत किलोमीटरचा आकडापण बीसीएममध्ये साठवलेला असतो, तो भलताच दिसायला लागला तर उद्या गाडी विकताना कटकट. पाणी लागलेल्या डब्याच्या जागी कुठल्या तरी अपघातातल्या, कदाचित पुरात बुडालेल्या गाडीचा डबा घालणं मला पटलं नाही. नवाच घातला. कंपनीच्या पार्ट काउंटरवरून, डब्याच्या लेबलवरचा नंबर आणि चेसिस नंबर दोन्ही जुळवून, कारण एकाच मॉडेलच्या वरच्या आणि खालच्या व्हेरिएंटचे डबे बाहेरून अगदी सारखे दिसतात.

यायला वेळ लागला. तोपर्यंत पाणी बंद केलेली, कनेक्टर साफ केलेली गाडी घरी आणली आणि रात्री बॅटरीची मायनस काढून ठेवत होतो.

बदलायच्या दिवशीचं काम बाहेरून बघितलं तर अर्ध्या तासाचं आहे, चार बोल्ट आणि कनेक्टर. खरं काम कोडिंगचं. आधी जुना डबा अजून थोडाफार बोलतोय तोवर त्यातलं सेटिंग लॅपटॉपवर उतरवून घेतलं. मग बॅटरी काढून थोडा वेळ थांबले, कारण एअरबॅगच्या सर्किटमध्ये करंट साठलेला असतो. नवा डबा बसवला, तुटक्या पिनांच्या जागी नवीन टर्मिनल क्रिम्प केले म्हणजे दाबून घट्ट बसवले, सोल्डर-टेपचा प्रकार नाही. बॅटरीला सपोर्ट चार्जर लावला, कारण कोडिंग चालू असताना व्होल्टेज पडलं तर नवा कोरा डबा तिथेच बाद होऊ शकतो, आणि आपल्याकडे कुर्टीला वीज कधी जाईल ह्याचा भरवसा नाही म्हणून चार्जर इन्व्हर्टरवर. हे बघून मला फार बरं वाटलं. मग चेसिस नंबर लिहिला, व्हेरिएंटचं कोडिंग केलं, म्हणजे गाडीला मागचा वायपर आहे की नाही, फॉग लॅम्प आहे की नाही, स्पीडनं आपोआप लॉक होतं की नाही ते सगळं डब्याला सांगायचं, आणि शेवटी दोन्ही चाव्या शिकवल्या. चावी शिकवली नाही तर इमोबिलायझर इंजिन चालूच होऊ देत नाही. आमच्या गाडीचं त्यांच्या स्कॅनरवर झालं, सगळ्या गाड्यांचं होतंच असं नाही, काहींना कंपनीच्या सर्व्हरला जोडल्याशिवाय पर्याय नसतो, आणि ते बाब फोनवरच आधी सांगतात, गाडी उभी करून घेऊन नंतर नाही.

सगळं झाल्यावर वहीतली यादी काढून एकेक बटन दाबून बघितलं. डिकीचं बटन चालेना. व्हेरिएंटमध्ये एक टिक राहिली होती, परत कोडिंग. काचांचं ऑटो वर जाणंपण विसरलेलं असतं, काच पूर्ण वर नेऊन स्विच काही सेकंद धरून ठेवला की आठवतं, ते प्रत्येक दाराला केलं. फॉग लॅम्पला वेगळा रिले आणि फ्यूज, चिरलेल्या रबराच्या जागी नवं, आणि आतल्या बाजूला वायरिंगला डब्याच्या आधी खाली झोळ दिला, म्हणजे उद्या चुकून थेंब आलाच तर झोळाच्या तळाशी गळून पडेल, कनेक्टरपर्यंत चढणार नाही. मग परत पाइप, परत टॉर्च. कोरडं. आणि गाडी झोपवून परत करंट मोजून दाखवला, ५० च्या खाली.

बिल. डबा १९,४०० जीएसटी धरून, पार्टवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झालाय त्यामुळे थोडा हलका पडला. तपासणी १,५००, कोडिंग आणि चाव्या ३,५००, मजुरी, रबर, रिले, टर्मिनल मिळून १,८००. एकूण २६,२००. लक्षात घ्या डब्याची किंमत सेंटरकडेही जवळपास हीच होती, पार्ट एकच आहे, फरक पडला तो न लागणाऱ्या वायरिंगचा. कोणी म्हणेल तपासणीचे वेगळे पैसे का, तर माझ्या मते तेच सगळ्यात योग्य पैसे होते. तपासणी फुकट करणारा माणूस ते पैसे पार्टमधून काढतो, मग त्याला पार्ट विकावाच लागतो. जुना डबा मी न मागताच बाबनी पिशवीत घालून दिला.

आता तो अर्धा स्टार. फोन उचलत नाहीत. खरंच उचलत नाहीत, हातात मीटर असतो हे मान्य, पण पोरांपैकी एकानं तरी उचलावा, माणूस डिचोलीहून साखळीहून येतो. "परवा ये" म्हणजे परवा नाही, त्याच्या पुढचं काही धरून चला. अंदाजपत्रक कागदावर मागितल्याशिवाय मिळत नाही, वहीत पेन्सिलीनं आकडा लिहून वही मिटतात, मी आग्रह केला तेव्हा बिलबुक निघालं आणि बिल मात्र व्यवस्थित दिलं. बसायला दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्यातली एक स्कॅनर ठेवायची. रस्त्यालगत असल्यानं पार्किंग नाही, ट्रक जवळून जातात, लहान मुलं घेऊन जाऊ नका. शेजारच्या गाड्यावरचा चहा आणि मिरची-भजी चांगली आहेत, पण त्याचे स्टार त्यांना देता येत नाहीत.

गाडी वॉरंटीत किंवा एक्स्टेंडेड वॉरंटीत असेल तर इथे जाऊ नका, कंपनीकडेच जा आणि भांडा, बाहेर डबा उघडला की ते हात वर करायला मोकळे. एअरबॅगचा दिवा लागलाय असं असेल तरीही हे ते काम घेत नाहीत, स्वतःच सांगतात. बाकी काचा, लॉक, लाइट, बॅटरी उतरणं, "गाडीत भूत आहे" ह्या सदरातलं काहीही असेल तर डोळे झाकून जा. माझी गाडी त्यानंतर आषाढातला पाऊस अंगणातच त्याच आंब्याखाली खाऊन उभी आहे, लॉक गप्प आहे, कार्पेटचा वास गेलाय. काचेखालची जाळी मी आता अधूनमधून उचलून पानं काढतो, पाच मिनिटांचं काम आहे.

रविवारी बंद, दुपारी एक ते तीन जेवण आणि झोप, त्या वेळात शटर वाजवू नका. आणि जाताना गाडीच्या दोन्ही चाव्या घेऊन जा, एकच नेली तर कोडिंगनंतर घरातली दुसरी चावी गाडी चालू करणार नाही आणि तेवढ्यासाठी परत कुर्टी.